विषय: वेबसाइटवरचा 'आई-बाबांचा प्रवासी विमा' हा लेख

नमस्कार मंडळी,

हा लेख आपल्या वेबसाइटवर 'सभासदांचे लेखन' या सदरात आहे. तो वाचून आम्ही सासूबाईंसाठी विमा घेतला. तळाशी फिकट राखाडी अक्षरांत 'सौजन्य' आणि एका एजन्सीचं नाव आहे, हे मला हॉस्पिटलचं बिल आल्यावर दिसलं. पॉलिसी 'फिक्स्ड बेनिफिट' निघाली: प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम, वरचं सगळं आपल्या खिशातून. लेखात या प्रकाराचा उल्लेखही नाही. पॉलिसी नीट वाचली नाही ही चूक माझी. पण आपल्यापैकीच कुणी अनुभवातून लिहिलंय असं समजून मी वाचत होते, आणि तसंच वाटावं अशी त्याची मांडणी आहे. मी हिला फसवी मांडणी म्हणते.

– एक आजीव सभासद

*

ताई, बिलाचं वाचून वाईट वाटलं. सासूबाई कशा आहेत?

'फसवी' हा शब्द मात्र लागला. नाव लपवलेलं नाही, तळाशी आहे. दिवाळी अंकातही आपण वर्षानुवर्षं 'सौजन्य' छापतो. प्रायोजक नसले तर गणपतीला हॉलचं भाडं कुठून भरायचं?

– वेबसाइट समिती

*

दादा, सासूबाई बऱ्या आहेत, घरी आल्या.

तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण प्रश्न वाचणाऱ्याचा काय समज होतो हा आहे. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २०१५ मध्ये लेखासारख्या दिसणाऱ्या जाहिरातींवर धोरण जाहीर केलं, त्याची कसोटी हीच: ही जाहिरात आहे हे वाचायला घेतानाच कळलं पाहिजे, मागाहून खुलासा करून भागत नाही. भारतानेही २०२३ मध्ये डार्क पॅटर्नचे, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन मांडणीचे, १३ प्रकार ठरवले, त्यांत छुपी जाहिरात आहे.

आणि 'सौजन्य' म्हणजे काय? पैसे त्यांनी दिले, एवढंच मी समजते. लेखही त्यांनीच लिहिला, हे त्या शब्दातून कळत नाही. दिवाळी अंकातली जाहिरात चौकटीत असते, खाली फोन नंबर असतो, तिला कुणी कथा समजत नाही. प्रायोजक हवेतच. शीर्षकाच्या वर, शीर्षकाइतक्याच ठळक अक्षरांत 'जाहिरात' लिहा, एवढंच मागते आहे.

*

मंडळी, खजिनदार म्हणून एक भर घालतो. आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहे. प्रायोजकाचं नाव, लोगो, पत्ता छापला तर आयआरएस, म्हणजे इथलं कर खातं, ते नुसते आभार समजते. भाव, 'सर्वोत्तम', 'आजच घ्या' असं आलं की ती जाहिरात, आणि त्या उत्पन्नावर कर लागू शकतो. या लेखात 'आजच कोट मागवा' दोनदा आहे.

ताईंचं म्हणणं मला पटतं. लेख आज 'जाहिराती' पानावर हलवला, वर ठळक पट्टी टाकली. घरखरेदी आणि टॅक्सवरचे आणखी दोन लेख तसेच निघाले, तेही हलवतो. या तिन्हींवर विसंबून कुणी काही घेतलं असेल तर मला थेट कळवा, रविवारच्या बैठकीआधी.