‘वर घे’ म्हणजे नक्की कुठं?

मिरज : स्पर्धेच्या नाटकासाठी प्रकाशयोजनेचा आराखडा मराठीत लिहायचा आहे. अपस्टेज-डाउनस्टेजला, म्हणजे मंचाच्या मागच्या-पुढच्या भागाला, ‘ऊर्ध्वमंच-अधोमंच’ असं एकानं सुचवलंय. चालेल का? आणि डावी विंग म्हणजे कुणाची डावी?

सांगली : डावी-उजवी नटाची, प्रेक्षकांकडं तोंड करून उभं राहिल्यावर. प्रेक्षकांच्या बाजूनं कन्सोलवर (दिव्यांच्या नियंत्रणावर) बसणाऱ्याला सगळं उलटं दिसतं, म्हणून आराखड्याच्या माथ्यावरच ‘बाजू नटाच्या’ असं लिहून टाका.

ऊर्ध्वमंच मात्र नको. युरोपातले जुने मंच प्रेक्षकांच्या दिशेनं उतरते असत, मागची बाजू खरोखरच उंच. त्यावरून अप आणि डाउन. आपले मंच सपाट, मग ऊर्ध्व कशाला? तालमीत ‘मागं जा, पुढं ये’ म्हणतातच. मागं-मधे-पुढं आणि डावं-मधलं-उजवं, झाले नऊ चौकोन. ‘मागं उजवं’ लिहिलं की नवखा पोरगाही बरोबर जागी उभा राहतो.

तासगाव : खरा घोळ ‘वर’चाच आहे. ‘तो स्पॉट वर घे’ याचे तीन अर्थ होतात : उजेड वाढव, दिव्याचं तोंड उचल, किंवा झोत मंचावर मागं सरकव. शिडीवरचा माणूस दिवा हलवतो आणि त्याच वेळी कन्सोलवरचा माणूस फेडर (उजेड कमी-जास्त करायची खिट्टी) चढवतो! उजेडाला वाढव-उतरव, दिव्याला उचल-वाकव, जागेला मागं-पुढं. एवढं ठरवून घ्या, फोकसिंगचा, म्हणजे दिवे जागेवर रोखायचा, निम्मा वेळ वाचेल.

मिरज : समोरच्या दिव्यांना काय म्हणू? आणि ‘नेपथ्य’ म्हणजे सेटच ना?

सांगली : ‘समोरचे’ पुरे, हवं तर एफओएच (फ्रंट ऑफ हाउस). शब्दापेक्षा कोन लिहा. नटाच्या डावी-उजवीकडून 45 अंशांवर एकेक आणि उंचीही साधारण तेवढीच, ही अमेरिकन प्रकाशयोजनाकार मॅककँडलेसनं 1932 च्या पुस्तकात मांडलेली पद्धत. एका बाजूला उबदार रंग, दुसरीला थंड. दिवा अगदी नाकासमोर लावला तर चेहरा पापडासारखा सपाट होतो. फार उंच, उभ्या कोनात लावला तर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या, फार खाली लावला तर मागच्या पडद्यावर सावल्या नाचतात. झालरीमागच्या (वरच्या आडव्या पडद्यामागच्या) बारवरचा बॅकलाइट, म्हणजे नटाच्या पाठीमागून येणारा झोत, नटाला पडद्यापासून सोडवतो; तो पुढं जास्त वाकवला की पहिल्या रांगेच्या डोळ्यांत जातो.

प्रत्येक चॅनेलपुढं (दिवे जोडायच्या डिमरच्या एकेका वाटेपुढं) वॅट लिहा. 230 व्होल्टवर 1000 वॅटचा पार (डब्यासारखा मंचदिवा) सुमारे 4.3 अँपिअर ओढतो. 10 अँपिअरच्या चॅनेलवर दोनच, तिसरा जोडला तर ट्रिप.

तासगाव : नेपथ्याचा मूळ अर्थ वेगळा. नाट्यशास्त्रातलं नेपथ्यगृह म्हणजे मागची रंगपटाची, नटांनी रंगून तयार व्हायची खोली. 64 बाय 32 हातांच्या नाट्यगृहात ती 16 बाय 32 हात. तिच्यापुढं रंगशीर्ष (मंचाचा मागचा भाग), मग रंगपीठ (पुढचा भाग), प्रत्येकी 8 हात खोल. संस्कृत नाटकातलं ‘नेपथ्ये’ म्हणजे पडद्याआडून. आज मराठीत नेपथ्य म्हणजे सेट हे रुळलंय, तेच लिहा. पडद्याआडच्या आवाजाला ‘विंगेतून’.

मिरज : विंगेला ‘पार्श्वपट’?

तासगाव : 1843 साली ‘सीता स्वयंवर’ हे पहिलं मानलं जाणारं मराठी नाटक झालेल्या सांगलीशेजारी राहता, तुम्हीच असं म्हणायचं? विंगच. दिव्यापुढच्या रंगीत कागदाला, जिलेटिनलाही जिलेटिनच म्हणा, ते आता प्लॅस्टिकचं असलं तरी. गडद निळं मात्र जास्तीचं कापून ठेवा. ते उष्णता जास्त शोषतं आणि मधोमध पांढरं पडतं.