अनुभव धागा: जून २०१८, अंधेरीत भारत खेळत होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?

२०१८ च्या जूनमध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात इंटरकॉन्टिनेन्टल कप झाला. भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चायनीज तैपेई, म्हणजे तैवानचा संघ. पुढच्या जानेवारीतल्या आशियाई चषकाची ती तयारी होती. १ जूनला आपण तैपेईला ५-० हरवलं, आपला कर्णधार सुनील छेत्रीचे तीन गोल, आणि मैदानात माणसं होती २,५६९. त्यातलीच मी एक. स्टँड इतका रिकामा की छेत्री सहकाऱ्यांना ओरडून जागा दाखवत होता, ते आम्हाला वर ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ आला. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, अशी विनवणी. आदल्या रात्री तीन गोल केलेल्या कर्णधाराला हे सांगावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या दहा दिवसांतलं तुमचं जे काही असेल ते लिहा. मैदानात गेला नसलात तरी चालेल.

डोंबिवलीहून

व्हिडिओ मला मुलाने दाखवला. अकरा वर्षांचा होता, भिंतीवर सगळे बार्सिलोनाचे फोटो. "बाबा, आपण जायचं ना?" एवढंच विचारलं त्याने. ४ तारखेला, सोमवारी, मी हाफ डे टाकला. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रोने आझाद नगर. स्टेशनच्या जिन्यावरच निळे शर्ट दिसायला लागले आणि पोरगा माझा हात सोडून पुढे पळाला.

तिकिटं केव्हाच संपली होती, स्टेडियम गच्च. पाऊस मात्र थांबायचं नाव घेईना. मैदानात पाणी साचलेलं. पास दिला की चेंडू मध्येच थबकायचा आणि ज्याच्यासाठी दिला तो पुढे निघून गेलेला असायचा. तासभर गोल नाही, तरी एक माणूस उठून गेला नाही. मग ६८ व्या मिनिटाला पेनल्टी. छेत्रीने ती घातली, तीन मिनिटांत जेजेचा गोल, आणि अगदी शेवटी छेत्रीने गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद उचललेला चेंडू. ३-०. त्याचा तो शंभरावा सामना होता. भारताकडून शंभर सामने त्याच्याआधी एकट्या भायचुंग भुतियाचे.

मुलाच्या हातातला कागदी झेंडा भिजून भिजून काठीला चिकटला आणि हिरवा रंग त्याच्या मनगटावर उतरला. रात्री एकला घरी पोचलो. त्याची आई तो डाग घासायला गेली तर हात मागे घेतला त्याने.

गिरगावातून

मी कूपरेजवर रोव्हर्स कप पाहत मोठा झालो. कोलकात्याचे मोहन बागान, ईस्ट बंगाल मुंबईत यायचे ते त्या स्पर्धेसाठी. ती बंद पडली तेव्हा आमच्यासारख्यांची संध्याकाळच गेली. गुडघ्यांमुळे अंधेरीला जाणं झालं नाही, पण ४ जूनला टीव्हीवर भरलेला स्टँड पाहिला आणि सौ.ना हाक मारली, "अहो, या बघायला, मुंबईत फुटबॉलला गर्दी झालीय." सामना त्यांनीही शेवटपर्यंत पाहिला.

वीरा देसाई रोडवरून

आमची इमारत मैदानापासून चालत पाच मिनिटांवर. तेव्हा बाळ दोन महिन्यांचं, त्यामुळे मी घरीच. ७ तारखेला न्यूझीलंडकडून १-२ हरलो, ते राहू दे. १० तारखेची फायनल सांगते, पुन्हा केनियाशी. टीव्हीचा आवाज बंद ठेवलेला, खिडकी उघडी. आठव्या मिनिटाला पडद्यावर आपला अनिरुद्ध थापा फ्रीकिकसाठी चेंडू ठेवत होता आणि खिडकीतून एकदम गोलचा कल्लोळ आला. थापाने अजून चेंडू मारलाही नव्हता! प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, मला ते त्या क्षणी कळलं. मग मी पडदा सोडून खिडकीतच उभी राहिले. २९ व्या मिनिटाचा गोल आधी कानांनी पाहिला आणि मग वळून टीव्हीवर: अनसचा लांब पास, छेत्रीने छातीवर घेतला, डाव्या पायाने घातला. त्याचा ६४ वा आंतरराष्ट्रीय गोल, तेव्हा मेस्सीइतकाच. बाळ दोन्ही वेळा दचकून उठलं. मी त्याला थोपटत होते आणि माझेच डोळे वाहत होते.

विक्रोळीहून

धाग्याचा विषय जूनचा आहे, पण मला ते दहा दिवस जानेवारीशिवाय आठवताच येत नाहीत. अंधेरीत त्यांना पाहिलं म्हणूनच आमचं मित्रमंडळ आशियाई चषकाला एकत्र बसलं. ६ जानेवारी २०१९, अबूधाबीत थायलंडला ४-१. आम्ही चाळीत पेढे वाटले. यूएईविरुद्ध ०-२ हरलो, पण दोनदा चेंडू गोलच्या दांडीवर आपटला होता, म्हणजे खेळ कमी पडला नव्हता.

१४ तारखेला शारजात बहारीन, आपल्याकडे रात्री साडेनऊला. बरोबरी झाली असती तरी पुढे गेलो असतो. नव्वद मिनिटं गोलरक्षक गुरप्रीत आणि बचावफळीने शून्य राखलं. आईने तोवर तीनदा विचारलं होतं, जेवायला वाढू का. ९१ व्या मिनिटाला बहारीनला पेनल्टी, जमाल राशिदने घातली. खोलीत आम्ही सात जण होतो, कोणी काही बोललं नाही. एकाने टीव्ही बंद केला, दुसऱ्याने परत लावला. संघ मैदानातच बसला होता आणि त्यांना तसं सोडून जाणं आम्हाला जमेना. आईने ताटं झाकून ठेवली आणि आमच्याजवळ येऊन बसली.