भाचीनं भांडणं सोडलंय, घरचे खूश आहेत, मला भीती वाटतेय. दाजींशी कसं बोलू?

नमस्कार मंडळी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहितेय.

माझी भाची सोळा वर्षांची. दहावीला चांगले मार्क पडले आणि दाजींनी तिला नीटसाठी लातूरला घातलं. ताई तिच्यासोबत खोली करून राहते. दाजी गावी दुकान सांभाळतात, शनिवारी रात्री येतात. मराठवाड्यातल्या लोकांना हे चित्र नवीन नाही.

दाजी वाईट नाहीत, हे आधी सांगते. धाकट्या भावांसाठी स्वतःचं शिक्षण सोडलेला माणूस आहे. पण शिस्त म्हणजे शिस्त. फोन बटणांचा, तोही ताईच्या ताब्यात. मैत्रिणींकडे जायचं नाही. दाराची आतली कडी काढून टाकलीय, 'झोपते की वाचते ते कळायला पाहिजे' म्हणून. दर रविवारच्या टेस्टचे मार्क वहीत लिहितात. ऑगस्टमध्ये ७२० पैकी ५१० होते, आता ३४०. म्हणून रविवारची दोन तासांची मोकळीकही बंद.

दिवाळीपर्यंत पोरगी कडाकडा भांडायची. मग एकदम थांबली. ताई फोनवर खुशीत, 'शहाणी झाली बघ, उलटून एक शब्द बोलत नाही.' खरं सांगते, मलाही तेव्हा बरंच वाटलं.

गेल्या आठवड्यात दोन दिवस राहून आले. तेल लावायला तिची वेणी सोडली, तर मानेवर मुठीएवढा गुंता. वरचे केस चापूनचोपून वेणी घालत होती, आत कितीतरी दिवस फणी फिरलेली नव्हती. एक केस ओढला गेला तरी घर डोक्यावर घेणारी ही मुलगी! मी तासभर सोडवत बसले, ती हूं नाही की चूं नाही. शेवटी म्हणाली, "मावशी, कापूनच टाक ना." मी विचारलं, रडू येतं का गं? तर म्हणे, "आधी यायचं."

रात्री तीनला बघितलं तर जागी. पुस्तक उघडं, पान संध्याकाळचंच. डबा अर्धा परत येतो. वह्यांच्या मागच्या पानांवर कायम चिमण्या-साळुंक्या काढलेल्या असायच्या, त्या पानांवर आता काही नाही.

हे डिप्रेशन असू शकतं का? दाजींना न सांगता तिला डॉक्टरकडे नेता येईल का? आणि मुख्य म्हणजे, मी बोलले आणि दाजी बिथरले तर माझंच येणं-जाणं बंद होईल. सध्या ती थोडंफार बोलते ती फक्त माझ्याशी.

सुईदोरा: मी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत बरीच वर्षं नर्स होते. इथं बसून निदान कुणीच करू नये. पण झोप, भूक, आवड, स्वतःची निगा, अभ्यासातलं लक्ष हे सगळं एकदम उतरलंय आणि दोन आठवड्यांच्या वर चाललंय, म्हणजे दाखवायलाच हवं. या वयात नैराश्य दर वेळी रडवेलं दिसत नाही. पुष्कळदा आधी चिडचीड दिसते, मग पोर सगळ्यातून अंग काढून घेतं. घरच्यांना वाटतं, वळण लागलं.

गुंत्याचं, पानाचं जे लिहिलंत तेच डॉक्टरांना सांगा, अगदी याच शब्दांत. 'उदास असते' यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बिघडलं तरी माणूस असं मलूल होतं, त्यामुळे रक्त तपासतीलच.

परस्पर उपचार नाही करता येणार. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं संमती पालकांची लागते. पण ताई पालकच आहेत की! दाजींच्या आधी त्यांना गाठा.

आणि एक आजच करा. तिला सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर क्षणभर एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं कुलपात ठेवायची आणि त्याच दिवशी रुग्णालय. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. नातेवाईक म्हणून तुम्हीही फोन करू शकता.

खडूस_काका: आमच्या वेळी वडील पट्ट्यानं मारायचे. आम्हाला नाही झालं डिप्रेशन.

मुरांबा: काका, तुमच्या वर्गातल्या सगळ्यांना विचारून बघितलंत का? असो. मावशी, मी तुमच्या दाजींच्या जागी होतो. मुलगा सतरा वर्षांचा, अशीच तयारी, अशीच वही. बायको म्हणाली 'तुम्ही फार कडक वागता', की मी आणखी ताठ व्हायचो. माझा साडू हुशार निघाला. माझ्या वागण्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणाला, "पोराचं वजन उतरलंय, झोप नाही, रक्त तपासून घेऊ." याला कोण बाप नाही म्हणेल? फिजिशियननं त्याच्याशी एकट्याशी बोलून आम्हाला मनोविकारतज्ज्ञांकडे धाडलं. त्यांनी मला विचारलं, याचा जवळचा मित्र कोण? बॅचमधला त्याचा नंबर मला पाठ होता, मित्राचं नाव सांगता येईना.

गोळ्यांची सवय लागेल म्हणून मी महिनाभर अडून बसलो, ती चूक. नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. फक्त मनानं बंद करायच्या नाहीत, आणि या वयात सुरुवातीचे काही आठवडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. समुपदेशन बरोबरीनं चालू होतं. आमच्याकडची कडी परत बसवायला मला चार महिने लागले, हेही सांगून टाकतो.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. काल परत लातूरला आले. विचारलं तिला, माझाच आवाज कापत होता. जीव द्यायचं मनात नाही म्हणाली. पण 'सकाळी जागच आली नाही तर बरं' असं रोज वाटतं म्हणे.

सुईदोरा: हेही गंभीरच धरा. शनिवारपर्यंत थांबू नका, उद्याच न्या. आज रात्री ताईंना तिच्याजवळ झोपू दे.

धागाकर्ती: रात्रीच १४४१६ ला फोन केला, त्यांनीही हेच सांगितलं. मग ताईला उठवून फणीत निघालेले केस दाखवले. कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवले होते, का ते मलाही माहीत नाही. पहाटे चारला उठून पोरीचा डबा करणारी बाई ती, दसऱ्यापासून तिच्या केसांना हात लावला नव्हता. बराच वेळ कागद हातात धरून बसली.

सकाळी दाजींना तिनंच फोन केला. रक्त तपासायचंय, आज क्लासला पाठवत नाही म्हणाली. मी बाजूलाच होते, त्यांचा आवाज ऐकू येत होता. "टेस्ट बुडेल की." ताई म्हणाली, "बुडू द्या."

साडेदहाला निघतोय. तिथून आल्यावर लिहिते.