प्रतिसाद: २०० ची बीआरएम झेपेल का?

सायकलवर १०० किमी आरामात होतात, पण २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) झेपेल का, असं विचारलंयत. झेपेल हो! साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी १५ची सरासरी पुरते. फक्त थांबण्याचा वेळही त्यातच धरायचा. माझी पहिली हुकायची वेळ आली ती पाय दमल्यामुळे नव्हे, तर कंट्रोलजवळ (वाटेत हजेरी नोंदवायच्या ठिकाणाजवळ) मिसळ चापत तासभर रेंगाळल्यामुळे. वर खंबाटकीच्या चढावर तीच मिसळ घशाशी! तेव्हापासून खिशात राजगिऱ्याची चिक्की नि खजूर. पाणी मात्र तहान नसली तरी घोटघोट. सरावात एकदम मोठं अंतर मारण्यापेक्षा शनिवार-रविवार लागोपाठ चालवणं मला जास्त लागू पडलं. आणि पंक्चर काढायला घरीच शिका. (अंधारात, पावसात मला पाऊण तास लागला होता.)