बाळाच्या दातांची काळजी ॲपवरून शिकवता येते का?

चाफेकळी
माझी मुलगी दोन वर्षं नऊ महिन्यांची आहे. गेल्या महिन्यात तिच्या वरच्या पुढच्या चार दातांचं काम पूर्ण भूल देऊन करावं लागलं. पहाटेपासून उपाशी, दवाखान्याच्या बाकावर माझ्या मांडीवर बसून ती "दुदू, दुदू" करत होती. मी नाही म्हणत होते आणि तिला कारण कळत नव्हतं.

कारण ते दूधच होतं. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून ती दीड वर्षं झोपत होती. हिरडीलगत एक पांढरी रेघ मी कितीतरी आधी पाहिली होती. दुधाचा थर असेल म्हणून बोटाने पुसून पाहिली, निघाली नाही, आणि मग विसरून गेले. तिच्या लसीचं कार्ड पूर्ण भरलेलं आहे. दर भेटीत वजन झालं, डोक्याचा घेर मोजला गेला. तोंडात कुणी पाहिलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

सगळं झाल्यावर फोनवर एक ॲप घेतलं. त्यात बाळाच्या वयाप्रमाणे सूचना येतात. पहिला दात दिसला की ब्रश सुरू. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा डॉक्टरांना दाखवायचं. महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून हिरडीची कड बघायची. आणि तिथेच फोटो होता, त्याच पांढऱ्या रेघेचा. कीड लागण्याची ती पहिली खूण असते आणि तिथे ती थांबवता येते, असं खाली लिहिलेलं होतं. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसले.

केंद्र सरकारने 2019 मध्ये ई-दंतसेवा नावाचं संकेतस्थळ आणि ॲप काढलं. माझ्या ओळखीतल्या एकाही आईला ते माहीत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. बाळंतीण घरी जायला निघते तेव्हाच असं ॲप, मराठीतलं, आईबाबांच्या फोनवर घालून द्यावं. तुम्हाला काय वाटतं?

दाढदुखी_तालुका
ताई, तुमच्या लेकीला लवकर बरं वाटो. मी तालुक्याच्या गावात लहान मुलांचे दात बघते, अठरा वर्षं झाली. तुमची तळमळ पोचली, पण ॲपला माझा विरोध आहे.

परवाच तीन वर्षांचा मुलगा आला होता. डाव्या गालात दाढेजवळ पोळीचा लगदा. सकाळी नऊला भरवलेला घास साडेअकराला गालात तसाच होता. आई म्हणाली, "मोबाइल लावल्याशिवाय खातच नाही." मोबाइल बघताना मूल चावत नाही, घास गालात धरून ठेवतं. मग त्या बाजूच्या दाढा किडतात. असं मूल दर आठवड्याला दोन-तीनदा तरी येतं. ज्या वस्तूने जेवण बिघडवलं तिच्यातूनच दात शिकवायचे, हे मला पटत नाही.

दुसरं, ॲप कोण उतरवून घेतं? ज्याला आधीच काळजी आहे तो. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी स्वतः मिश्री लावतात. "दुधाचे दात, पडणारच आहेत" हे वाक्य मी रोज ऐकते. आता दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत तोंडात असतात. त्या लवकर गेल्या तर शेजारच्या दाढा सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे जी दाढ येते तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून आया तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते! हे मी आईचं बोट धरून, मुलाच्या तोंडात फिरवून दाखवते. काचेवरून बोट फिरवून ते कळत नाही.

रात्रपाळी_भोसरी
डॉक्टर, तुमचा मान राखून बोलतो. आमच्या घरी नेमकं उलट झालं.

आम्ही दोघं कामावर, मुलाला माझी आई सांभाळते. ती त्याला चोखणी मधात बुडवून द्यायची. बायकोने दोनदा सांगितलं, घरात आठ दिवस अबोला. सुनेने सासूला शिकवायचं म्हणजे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगितलं तर "तुझे दात नाही का आले?" मग एका रविवारी ॲपमधला दीड मिनिटाचा व्हिडिओ टीव्हीवर लावला आणि काही न बोलता बाजूला बसलो. झोपेत लाळ कमी होते, तोंड धुतलं जात नाही, गोड तसंच दातावर बसून राहतं, एवढंच त्यात होतं. आई शेवटपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "हे मला आधी कुणी सांगितलं नाही." त्या दिवसापासून मध बंद.

डॉक्टरांकडे आम्ही वर्षातून एकदा जाणार. आजी रोज घरात आहे. तिच्यापर्यंत ना तुमचं बोट पोचतं, ना सुनेचा शब्द. आणि मूल जेवताना मोबाइल नको, हे ॲपनेच सांगितलं तर कुठे बिघडलं?

शेवंती_६७
मी आजीच आहे, म्हणून लिहिते. रात्रपाळीवाले, तुमच्या आईने ऐकलं कारण तुम्ही शेजारी बसलात. टीव्हीने नाही शिकवलं, लेकाच्या बसण्याने शिकवलं.

माझ्या सुनेच्या फोनवर असंच एक ॲप आहे. रोज रात्री नऊला विचारतं, ब्रश झाला का? "नाही" दाबलं की लाल खूण. पोरगी दिवसभर कामावर, लोकलमधून लोंबकळत येते, मूल तोवर झोपलेलं असतं. ती लाल खूण बघून ती एकदा रडली. मी तिला म्हटलं, फोन ठेव बाजूला, ओल्या फडक्याने दात पूस, उद्या सकाळी मी घासते. आईला चूक दाखवणारे लोक घरात काय कमी असतात? त्यात फोनची भर नको. आणि ही लाल खूण बापाच्या फोनवर कधी बघितली नाही मी.

चाफेकळी
आजी, शेवटचं वाक्य अगदी मनातलं. माझ्या मूळ लेखात मी "आईबाबांच्या" लिहिलं ते त्यासाठीच.

पण डॉक्टर, तुमच्या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही. तुमच्यासारख्या किती जणी तालुक्याला असतात? मी जिल्ह्याच्या शहरात राहते, तरी बालदंतवैद्य शोधायला मला बारा दिवस लागले. आणि तुमच्याकडे मूल येतं ते दुखायला लागल्यावर. पांढऱ्या रेघेसाठी कोण येतं? ती रेघ घरातच कुणीतरी ओळखायला हवी. तिचा फोटो घरात असायला हवा.

सेविका_यवतमाळ
नमस्कार. मी अंगणवाडी सेविका आहे. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही.

ॲप काढलं की शेवटी ते आमच्या फोनवर येतं. पोषण ट्रॅकरचं, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपचं, पहिलं वर्ष आठवा. 2021 ला राज्यभरात सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते. फोन चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होतं. म्हणून नवीन ॲप म्हटलं की छातीत धडधडतं. गावात फोन घरात एकच, तो नवऱ्याच्या खिशात. सरकारच्याच कौटुंबिक आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 100 पैकी 54 बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या फक्त 33. मग ॲप कोणासाठी?

आणखी एक. आमच्या भागात काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. मोठ्या मुलांच्या दातांवर पिवळे, तपकिरी डाग दिसतात. एका शिकलेल्या आईने मला फोन दाखवला, "ताई, यात फ्लोराइडची पेस्ट लावा म्हणतात, आणि तुम्ही तर फ्लोराइडचं पाणी पाजू नका म्हणता." मी काय सांगायचं? पुण्यात बसून लिहिलेली सूचना माझ्या गावाला जशीच्या तशी लागू होत नाही.

दाढदुखी_तालुका
सेविकाताई, हा मुद्दा या धाग्यातला सगळ्यांत मोलाचा आहे. थोडं सविस्तर सांगते.

फ्लोराइडची पेस्ट कीड रोखते यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. पण ती दाताला वरून लागायची गोष्ट आहे. दातांवर डाग पडतात ते लहानपणी, हिरडीखाली कायमचे दात घडत असताना फ्लोराइड पोटात जास्त गेल्याने. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेलच तर 1.5 पर्यंत. तुमच्या गावात त्याहून जास्त असेल तर आधी पाणी बदलणं महत्त्वाचं. आणि लहान मूल पेस्ट गिळतं, म्हणून तिथे पेस्ट कोणती आणि किती हे डॉक्टरांनी गाव बघून ठरवायचं. ॲप मुलाचं वय विचारतं. "पाणी कुठलं पिता?" असं विचारणारं ॲप मी अजून पाहिलेलं नाही. म्हणूनच माझा विरोध.

क्लाइडकाठ
मी मूळची सांगलीची, नऊ वर्षं ग्लासगोत आहे. इथे स्कॉटलंडमध्ये 2006 पासून चाइल्डस्माइल नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू आहे. बालवाडीत रोज, शिक्षिकेच्या देखरेखीखाली, सगळी मुलं एकत्र दात घासतात. माझ्या मुलाच्या वर्गात भिंतीला ब्रशांचा स्टँड होता, प्रत्येक ब्रशवर वेगळं चित्र. त्याचं फुलपाखरू. घरी न्यायला ब्रश आणि पेस्टची पिशवी फुकट मिळायची. 2003 साली इथल्या पहिलीतल्या 100 मुलांपैकी 45 जणांच्या दातांना दिसण्याजोगी कीड नव्हती, 2020 मध्ये 74 जणांच्या. आईवडिलांना शिकवण्यावर सगळा भार टाकला असता तर हे झालं नसतं असं मला वाटतं. रोजची सवय लावायला माणूस लागतं. अंगणवाडी आपल्याकडे आहेच की!

चाफेकळी
तुमच्या मुलाच्या फुलपाखराचा हेवा वाटला. पण अंगणवाडीत मूल येतं तीन वर्षांचं झाल्यावर. माझ्या मुलीचे दात तोवर गेले होते. पहिली तीन वर्षं घरातच जातात, आणि त्या तीन वर्षांसाठीच मी भांडतेय.

कोडकरी
मी ॲप बनवण्याच्याच धंद्यात आहे, तरी सेविकाताईंच्या बाजूने बोलतो. ॲप उतरवायचं, नाव नोंदवायचं, ओटीपी टाकायचा, दर महिन्याला अपडेट. यातल्या प्रत्येक पायरीवर माणसं गळतात, आणि सगळ्यांत आधी ज्यांना गरज आहे तीच.

आवाजाचा फोन हा वेगळा रस्ता आहे. मुंबईच्या आरमान संस्थेची एममित्र सेवा गरोदर बायकांना आणि नव्या आयांना त्यांच्या भाषेत रेकॉर्ड केलेले फोन करते, बाळाच्या वयाप्रमाणे, आईने सांगितलेल्या वेळेला. साधा बटणांचा फोन चालतो, वाचता यायला हवं असंही नाही. दातांचे चार-पाच निरोप अशा सेवेत बसवता येतील. सहाव्या महिन्यात एक, पहिल्या वाढदिवसाला एक, बाटली सोडवायच्या वेळी एक.

चाफेकळी
आवाजातून पांढरी रेघ कशी दाखवणार? मला ती शब्दांत सांगितली असती तरी मी तिला दुधाचा थरच समजले असते.

सेविका_यवतमाळ
कोडकरीदादा, फोनवरचा निरोप आमच्याकडे चालेल. वेळ मात्र संध्याकाळी साडेसातची ठेवा, नवरा शेतातून आल्यावर. तेव्हा फोन घरात असतो आणि त्याच्याही कानावर पडतं.

चाफेकळीताई, तो रेघेचा फोटो मला पाठवा. छापून घेते मोठा. लसीच्या दिवशी वजनकाट्याच्या वरच्या भिंतीवर लावते. बाळ काट्यात ठेवलं की आई वर बघतेच, तेव्हाच ओठ उचलायला लावते.

दाढदुखी_तालुका
छापताना दोन फोटो घ्या, पांढऱ्या रेघेचा आणि त्यानंतरच्या तपकिरी खड्ड्याचा, शेजारी शेजारी. माझ्याकडे दोन्ही आहेत, पालकांची परवानगी घेतलेले. ॲपबद्दलचं मत बदललेलं नाही, फोटो आज रात्री पाठवते.