मदत हवी आहे: नवीन इंग्लिश टीचरशी गप्पा पुढे कशा न्यायच्या?

नमस्कार, मी डिचोलीची, शिक्षण मराठीतून, आता कळंगुटला हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे. बोलायची सवय व्हावी म्हणून क्लास लावलाय, नवीन टीचर केरळच्या, त्यांना मराठी-कोंकणी येत नाही, म्हणतात आधी मला प्रश्न विचार, ओळख करून घे. परवा त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे माशाच्या कालवणात कुडमपुळी (एक आंबट सुकवलेलं फळ) घालतात, मला आपल्या सोलांबद्दल, म्हणजे आमसुलांबद्दल सांगायचं होतं पण 'ओके, नाइस' म्हणून थांबले. प्रश्न पाठ केलेत, बसमध्ये बीबीसीचं सिक्स मिनिट इंग्लिश ऐकते, समजतं सगळं. घरी इंग्लिश बोलणारं कोणी नाही, जादा फी परवडत नाही. तर समोरच्याच्या उत्तराला धरून पटकन पुढे बोलायची सवय कशी लावायची, आणि वय, लग्न असलं टीचरना इंग्लिशमध्ये विचारलेलं चालतं का?