लूककृत शुभवर्तमानाचा आरंभ : शोध घेणारा लूक आणि मुका झालेला जखऱ्या

सदरचा वाचक (नागपूर) यांचा प्रश्न

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

नाताळापूर्वीच्या आगमनकाळाच्या निमित्ताने आमच्या मंडळीतील तरुणांच्या गटाने यंदा लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय अभ्यासाला घेतला आहे. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सदर भागातील एका घरी जमतो आणि थोडी थोडी वचने वाचून त्यांवर बोलतो. गेल्या बैठकीत निघालेला एक प्रश्न अनुत्तरित राहिला, तो येथे मांडत आहे.

लूक आरंभीच सांगतो की घडलेल्या गोष्टींची हकिकत लिहून काढण्याचे काम पुष्कळांनी हाती घेतले आहे, ज्यांनी त्या गोष्टी सुरुवातीपासून डोळ्यांनी पाहिल्या त्यांनी त्या आपल्याकडे सोपवल्या आहेत, आणि आपणही सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेऊन त्या थियफिल नावाच्या वाचकासाठी क्रमाने लिहीत आहोत, म्हणजे त्याला जे शिक्षण मिळाले ते खात्रीचे आहे हे त्याला कळावे. येथे चौकशीला किती मान आहे! मात्र त्याच अध्यायात, अठराव्या वचनात, म्हातारपणी तुला पुत्र होईल असे सांगणाऱ्या देवदूताला जखऱ्या हा याजक विचारतो की हे मी कशावरून समजावे, आणि विसाव्या वचनात त्याची वाचा जाते. पुढे देवदूत मरीयेला पुत्र होईल असे सांगतो तेव्हा चौतिसाव्या वचनात तीही प्रश्न विचारते, पण तिला उत्तर मिळते.

आमच्यातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, "मग आपण विचारायचे की नाही?" बैठकीला आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी विश्वास ठेवावा, खोलात शिरू नये, असे सांगितले आणि चर्चा तेथेच थांबली. त्यांचा हेतू चांगला होता याविषयी मला शंका नाही, पण ती मुलगी त्यानंतर बैठक संपेपर्यंत काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी तिला काय उत्तर द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोहननगरचे शिक्षक यांचे उत्तर

आपल्या गटातील विद्यार्थिनीचा प्रश्न अत्यंत योग्य आहे आणि त्याला लूकच्या पहिल्या चार वचनांतच अर्धे उत्तर आहे, असे मला वाटते.

मूळ ग्रीक भाषेत ही चार वचने मिळून एकच लांब, घडीव वाक्य आहे. त्या काळचे विद्वान इतिहासकार आपल्या ग्रंथाला अशीच प्रस्तावना जोडत असत. पाचव्या वचनापासून मात्र लूकची भाषा एकदम बदलते आणि जुन्या करारातील कथनासारखी होते: यहूदीयाचा राजा हेरोद याच्या दिवसांत जखऱ्या नावाचा एक याजक होता. चौकशीची भाषा आणि पवित्र शास्त्राची भाषा एकाच लेखकाने लागोपाठ वापरली आहे, आणि एकीतून दुसरीत जाताना त्याला कोठेही अडखळल्यासारखे झालेले नाही.

त्याहून महत्त्वाचे असे की लूक स्वतः प्रत्यक्षदर्शी नाही आणि ते तो लपवत नाही. ज्यांनी पाहिले ते वेगळे, ज्यांना ते सोपवले गेले त्यांत आपण, अशी त्याची मांडणी आहे. येशूला गालीलात चालताना ज्याने पाहिले नाही असा हा माणूस, आणि आपणही तसेच. आपल्यापर्यंत विश्वास पोहोचला तो आजी-आजोबांच्या, पाळकांच्या आणि रविवारच्या शाळेतील बाईंच्या तोंडून. थियफिलालाही शिक्षण आधीच मिळालेले आहे, तरी लूक त्याला "तुला शिकवले आहे, तेवढे पुरे" असे म्हणत नाही, तर त्या शिक्षणाखालचा पाया त्याला उघडून दाखवतो. विश्वास ठेवणाऱ्या माणसाला खात्री हवीशी वाटणे हा त्याच्या विश्वासातील उणेपणा आहे, असे लूकने कोठेही सुचवलेले नाही. आपल्या वडीलधाऱ्यांचा पूर्ण आदर राखून मी म्हणेन की या शुभवर्तमानाचा जन्मच खोलात शिरण्यातून झाला आहे.

पुढे तिसऱ्या अध्यायात हाच लूक तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचे पंधरावे वर्ष, पंतय पिलात, हेरोद, फिलिप्प, लुसनिय, हन्ना आणि कयफा असे सात जणांचे उल्लेख करून जखऱ्याचा पुत्र योहान याच्या सेवेचा काळ ठरवून देतो. जो आपल्या लेखनात इतकी नावे घालतो, तो वाचकाला पडताळा घेण्याची वाट मोकळी करून देतो.

आपण नागपूरचे आहात म्हणून एक उदाहरण द्यावेसे वाटते. 1845 मध्ये येथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप शुभवर्तमान सांगत, शाळा चालवत आणि त्याच ओढीने या परिसरातील खडक आणि जीवाश्म तपासत. गोंड समाजाच्या परंपरांबद्दल त्यांनी बारकाईने माहिती गोळा केली, गायकाकडून ऐकलेले, लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाचे गीत उतरवून घेतले, आणि ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये प्रसिद्ध झाली. 1863 मध्ये टाकळघाट परिसरातून परतताना ते पाण्यात बुडून गेले, आणि तेही तेथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून येत असताना. त्यांचे नाव धारण करणारे महाविद्यालय आपण रोज पाहतो. प्रार्थना करणारा माणूस आणि तपास करणारा माणूस हे एकाच देहात सुखाने नांदू शकतात, याची साक्ष आपल्याच शहराच्या इतिहासात आहे.

जखऱ्याचा भाग मी माझ्याहून अधिक अभ्यास असलेल्यांवर सोपवतो.

शास्त्राभ्यासी यांचे उत्तर

मोहननगरच्या सरांनी प्रस्तावनेबद्दल लिहिलेले पूर्णपणे पटले. जखऱ्याच्या बाबतीत आपण मजकूर सौम्य करू नये, असे मला आरंभीच म्हणावेसे वाटते, कारण विसाव्या वचनात देवदूत कारण स्पष्ट सांगतो: माझ्या शब्दांवर तू विश्वास ठेवला नाहीस. प्रश्न केवळ विचारला म्हणून ही गोष्ट घडली, असे तेथे लिहिलेले नाही.

त्याचा पुरावा जुन्या करारातच आहे. वतनाचे वचन मिळाल्यावर अब्राहामानेही देवाला हेच विचारले की ते मला मिळेल हे मी कशावरून समजू (उत्पत्ती 15), आणि देवाने त्याच्याशी करार केला. गिदोनाने लोकरीचे चिन्ह मागितले, एकदा नव्हे तर दोनदा, आणि दोन्ही वेळा ते मिळाले. हिज्कीया राजाने चिन्ह मागितले तेव्हा सावली दहा पायऱ्या मागे गेली. तेव्हा चिन्ह मागणे हाच गुन्हा असता, तर पवित्र शास्त्रातील अर्धे वीर मुके झाले असते.

मग फरक कशात आहे? माझ्या मते तो जखऱ्या कोठे उभा आहे यात आहे. याजकांचे चोवीस वर्ग होते, जखऱ्या ज्यात होता तो अबीयाचा वर्ग त्यांतील आठवा, आणि प्रत्येक वर्गाची मंदिरातील पाळी वर्षातून दोनदा, एकेका आठवड्यासाठी येत असे. याजकांची संख्या इतकी मोठी होती की आत जाऊन धूप जाळण्याची चिठ्ठी आपल्या नावाने निघणे हे आयुष्यातून एखाद्याच वेळी मिळणारे भाग्य होते. अशा दिवशी, धूपवेदीच्या उजव्या बाजूला देवदूत उभा असताना, तो सांगतो की तुझी विनंती ऐकण्यात आली आहे. म्हणजे ही जखऱ्याचीच मागणी आहे. शिवाय म्हातारपणी पुत्र मिळाल्याची सारा आणि अब्राहामाची कथा लहानपणापासून ज्याला पाठ आहे, जो ती इतरांना शिकवतो, तोच वयाची अडचण पुढे करतो. मरीयेपुढे असे कोणतेही पूर्वीचे उदाहरण नव्हते. नाझरेथातील त्या मुलीचा प्रश्न, हे घडणार कसे, एवढाच आहे. घडेल हे तिने गृहीत धरले आहे, आणि उत्तर मिळताच ती स्वतःला दासी म्हणून प्रभूच्या हाती सोपवते.

यातून मला मिळणारा धडा आपल्यासारख्या जुन्या विश्वासू कुटुंबांसाठी अधिक कडक आहे. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीपेक्षा, वर्षानुवर्षे प्रार्थना करूनही उत्तराची अपेक्षा मनातून काढून टाकलेल्या आमच्यासारख्यांनी जखऱ्याकडे नीट पाहावे. नित्यक्रम चालू राहतो, धूप वेळेवर जळतो, आणि प्रत्यक्ष देव काही बोलला तर मात्र आपण वयाचा दाखला देतो.

आणखी एक गोष्ट नजरेआड करू नये. जखऱ्याने चिन्ह मागितले आणि त्याला चिन्ह मिळाले, त्याची वाचा जाणे हेच ते चिन्ह. शिक्षा आणि उत्तर एकाच कृतीत आले. देवाने त्याला वगळून दुसरा पिता शोधला नाही, वचनही मागे घेतले नाही. बाहेर लोक आशीर्वाद ऐकण्यासाठी खोळंबले होते, तो हातवारे करत बाहेर आला, उरलेल्या दिवसांची सेवा त्याने त्याच अवस्थेत पूर्ण केली आणि मग घरी गेला.

निवृत्त परिचारिका यांचे उत्तर

दोघा बंधूंनी छान लिहिले आहे, पण या अध्यायाच्या आरंभी जखऱ्याची पत्नी अलीशिबाही आहे आणि तिच्याविषयी अजून कोणी बोलले नाही.

लूकने सहाव्या आणि सातव्या वचनांचा जो क्रम ठेवला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. आधी तो सांगतो की ती दोघेही देवाच्या दृष्टीने नीतिमान होती आणि प्रभूच्या सर्व आज्ञा निर्दोषपणे पाळत होती. त्यानंतर सांगतो की त्यांना मूल नव्हते. हा क्रम असा आहे म्हणून मूल नसणे हे कोणत्या पापाचे फळ आहे, असे म्हणायला वाचकाला जागाच राहत नाही. मी अनेक वर्षे प्रसूतिगृहात काम केले आहे आणि मंडळीतील भगिनींच्या सभाही चालवल्या आहेत. एका डोहाळजेवणात ओटी भरण्यासाठी सगळ्या बायका ओळीने पुढे येत होत्या. त्यांतील एक, लग्नाला पुष्कळ वर्षे होऊन मूल नसलेली, हातात नारळ घेऊन निम्म्या वाटेपर्यंत आली आणि कोणी काही बोलण्याआधी स्वतःच नारळ दुसरीच्या हातात देऊन मागे सरली. प्रत्यक्षात तिला कोणीही अडवले नव्हते. अडवणे इतक्या वर्षांत तिच्या अंगात मुरले होते. आम्ही प्रभूच्या घरातील बायका, आमच्यात हे घडावे याचे मला फार दुःख आहे.

पंचविसाव्या वचनात अलीशिबा म्हणते की लोकांमध्ये माझी होणारी अप्रतिष्ठा दूर करण्यासाठी प्रभूने माझ्याकडे पाहिले. अप्रतिष्ठा करणारे लोक होते, आणि तिच्याकडे पाहणारा देव होता. आपल्या तरुणांच्या गटात नव्याने लग्न झालेली जोडपी असतील तर हे वचन अवश्य वाचावे, आणि हेही सांगावे की अलीशिबा नीतिमान ठरली ती योहान पोटात येण्याच्या कितीतरी आधी.

विश्वासाबद्दलच बोलायचे तर, मरीया घरी येते तेव्हा विश्वास ठेवणारी धन्य आहे, असे अलीशिबा तिला म्हणते. ज्या घरात विश्वास न ठेवल्यामुळे मुका झालेला नवरा बसला आहे, त्या घरात उभी राहून ती हे बोलते. तिच्या बोलण्यात कडवटपणा नाही, पण त्या घरातील अनुभव त्या वाक्यामागे आहे. नातेवाईक मुलाला बापाचे नाव द्यायला निघाले तेव्हाही त्यांना आधी तीच थांबवते.

सदरचा वाचक

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ताईंनी लिहिलेला प्रसंग वाचून माझ्या पत्नीने तो पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला. पुढच्या बैठकीत पहिली पंचवीस वचने अलीशिबेसह पुन्हा घ्यावीत आणि सुरुवात त्या विद्यार्थिनीनेच करावी, असे ठरवले आहे. शास्त्राभ्यासी बंधूंना एकच विचारायचे आहे: वाचा परत आल्यावर जखऱ्या स्वतःच्या चुकीबद्दल काही बोलतो का? तरुण मंडळी हे नक्की विचारतील.

शास्त्राभ्यासी

नाही, एक शब्दही नाही. पाटी मागवून तो लिहितो की याचे नाव योहान आहे. देवदूताने सांगितलेले नाव लोकांसमोर उमटवणे हाच त्याचा विश्वासाचा कबुलीजबाब आहे, आणि त्यानंतर लगेच त्याचे तोंड उघडते. अडुसष्टाव्या वचनापासून सुरू होणाऱ्या त्याच्या स्तोत्रात प्रथम इस्राएलाच्या देवाची स्तुती आहे, मग दाविदाच्या घराण्याची आणि अब्राहामाला दिलेल्या शपथेची आठवण आहे. इतक्या वर्षांनी झालेल्या स्वतःच्या मुलाकडे तो शहात्तराव्या वचनात वळतो, आणि तेही प्रभूचा मार्ग सिद्ध करणारा म्हणून. ज्या अब्राहामाचे उदाहरण त्याला वेदीपाशी आठवले नाही, त्याचे नाव आता त्याच्या तोंडी आहे. आपल्या कॅथलिक बंधुभगिनींच्या नित्य उपासनेत हे स्तोत्र रोज सकाळी म्हटले जाते आणि मरीयेचे स्तोत्र रोज संध्याकाळी. बैठकीत ही दोन्ही स्तोत्रे लागोपाठ वाचून घ्यावीत, जखऱ्याचे एका मुलाने आणि मरीयेचे त्या विद्यार्थिनीने. ती तयार असेल तर तिच्या वाचनानंतर तिचा पुढचा प्रश्नही घ्यावा.